मापाच्या वहीतील सिनेमा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चिटणिसांचे जे पत्र मला आले, त्यात ‘आमच्या बालपणीचे रम्य दिवस’ असा विषय दिला होता. पासष्टी उलटलेल्या निवृत्त शिक्षिकेच्या हाती असा विषय देण्यात केवढी जोखीम असते, हे चिटणिसांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. तथापि आपण निर्धास्त असावे. सारे बालपण आपल्यापुढे उलगडून बसण्याचा माझा विचार नाही. त्यातील एकच धागा मी आज हाती घेणार आहे. सिनेमा आणि सिनेमाची गाणी ही आपल्या घरांत कोणत्या वाटेने आली आणि आल्यावर त्यांचे काय झाले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हल्ली जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना सभागृहे भरून जातात. माझ्या वयाची मंडळी डोळे मिटून माना डोलावतात, आणि मध्यंतरात चहा पिताना नट कोण, नटी कोण, संगीत कोणाचे, याची उजळणी करतात. मीही त्यांतलीच आहे. परंतु शिंप्याच्या घरात जन्मलेल्या मुलीला अशा वेळी एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. पडद्यावरील नायिकेच्या अंगात जे पोलके होते, ते आमच्या तालुक्याच्या गावातील मुलीच्या अंगावर कसे आले? ते विकत तर मिळत नव्हते. मुंबईच्या पडद्यापासून आमच्या पेठेच्या रस्त्यापर्यंत जो मार्ग होता, त्याच्या मध्यावर एक लाकडी फळी होती, एक पायमशीन होते आणि गळ्यात टेप अडकवलेला एक मनुष्य होता. तो पुष्कळदा आपल्या ज्ञातीचा होता. सर्वत्र आपलाच होता असे मी म्हणणार नाही. आमच्याच पेठेतील एका मुसलमान कारागिराच्या हाताची सफाई माझे वडील मोकळेपणाने वाखाणीत. पण नटनट्यांच्या उजळणीत या मनुष्याचे नाव येत नाही, आणि त्याच्या घरातील बायकांचे तर नाहीच नाही.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. दुकान म्हणजे घराचीच पुढची पडवी. दोन पायमशिने, बेतण्यासाठी एक लांब फळी, कोळशाची इस्त्री, भिंतीला विठोबाचे आणि नामदेवरायांचे चित्र, आणि त्या चित्राच्या शेजारी फळीवर रेडिओ. गज आणि कात्री ही नामदेवांच्या पदातील रूपके. ती पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबातही आदराने घेतलेली आहेत, हे आपण जाणताच. अण्णा सकाळी दुकान उघडल्यावर प्रथम चित्राला हात जोडीत आणि त्याच हाताने शेजारचा रेडिओ लावीत. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नसे.

रेडिओला तेव्हा परवाना लागे आणि त्याचे पैसे टपालकचेरीत भरावे लागत. इतके करून त्यावर सिनेमाची गाणी लागतीलच असे पूर्वी नव्हते. १९५२ साली केंद्रीय नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना सिनेसंगीत नापसंत असल्यामुळे आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपारच झाले. आणि त्याच वर्षी समुद्रापलीकडून, रेडिओ सिलोनवरून, अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. केसकर आपल्या पुण्याचे. शास्त्रीय संगीतावर त्यांनी मोठे उपकार केले हे मान्य करूनही मला वाटते की, लोकांच्या आवडीला दाराबाहेर काढले की ती खिडकीतून आत येते, हे ओळखण्यात त्यांना थोडा उशीर झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, ती ही गळती थांबविण्यासाठीच. माझा जन्म त्यानंतरचा. त्यामुळे माझ्या कानांवर दिवसभर विविध भारती आणि बुधवारी रात्री आठ वाजता गीतमाला, असा दोन्हींचा अभिषेक झाला.

या बुधवारची एक गोष्ट सांगते. पायमशिनाचा आवाज काही लहान नसतो. दोन मशिने चालू असली की रेडिओवरील गाणे निम्मे कानी येई आणि निम्मे मशिनाच्या खडखडाटात जाई. त्यात सिलोनचा आवाज लघुलहरींवरून लाटेसारखा चढे आणि उतरे. यावर अण्णांनी तोड काढली होती. आठवड्यातील सगळे हातकाम, म्हणजे काजे, तुरपाई, हूक, बटणे, ते बुधवारच्या आठ ते नऊ या तासासाठी राखून ठेवीत. आठच्या ठोक्याला दोन्ही मशिने बंद होत. दोघे कारागीर आणि अण्णा फळीभोवती बसत, मधल्या दाराच्या आत आई, थोरल्या काकू आणि आजी बसत, आणि उंबऱ्याला टेकून मी. सुईला तर काही आवाज नसतो. एकेक पायदान चढत वरच्या गाण्यापर्यंत जाईस्तोवर त्या घरात कोणी बोलत नसे. मी आठव्या वर्षी काजे करू लागले. गीतमालेच्या एका तासात माझी चार काजे होत, काकूंची दहा. पूर्ण बाहीच्या एका सदऱ्याला आठ-नऊ काजे लागतात, हे येथे बसलेल्या जुन्या मंडळींना सांगावयास नको. म्हणजे काकूंचे हिशेबाचे माप असे होते: एक गीतमाला, एक सदरा, आणि वर एखादे काज उद्याच्या खात्यावर.

अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत वारले तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून आले. ते वाचीत असता माझा अंगठा आपोआप तर्जनीवर घासला जाऊ लागला. दोऱ्याला मेण लावण्याची ती सवय आहे.

आता पोशाखाकडे वळते. सिनेमा मुंबईस लागे तेव्हा आमच्या गावास त्याची केवळ वार्ता येई. प्रत्यक्ष रिळे येण्यास कित्येक महिने लागत; जत्रेत तंबूचा सिनेमा येई त्यात तर बरेच जुने खेळ असत. सोलापुरास मात्र चित्रपट लवकर येत. कॉलेजात शिकणारी किंवा गिरणीत कामाला असलेली पोरे तेथे ते पाहत, आणि सुट्टीत गावी आल्यावर दुकानाच्या पायरीवर उभी राहून अण्णांना म्हणत, “अण्णा, त्याच्यासारखे शिवा.” त्याच्यासारखे म्हणजे कसे, हे त्यांना सांगता येत नसे. कोणी हवेत बोटांनी कॉलर काढून दाखवी. कोणी गाण्यांची चोपडी आणी, तिच्या मुखपृष्ठावर नायकाचे शीर असे आणि सदऱ्याचा वरचा एक गुंडीएवढा भाग. अशा वेळी अण्णा एस.टी.ने सोलापूरला जात. आमच्या घरात सिनेमा पाहणे ही चैन समजली जात नसे, ते दुकानाचे काम होते. आणि म्हणून तिकिटाचा खर्च मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोरा, कॅनव्हास आणि बटणांच्या खाली लिहिलेला असे.

थिएटरात अण्णा कथा पाहत नसत. हे मी अतिशयोक्तीने बोलत नाही. एकदा परत आल्यावर आजीने विचारले, “शेवटी तिचे लग्न झाले का रे?” अण्णांनी थोडा विचार करून उत्तर दिले, “झाले असावे. शालू नेसली होती.” त्यांचे लक्ष खांद्याच्या शिवणीवर असे. शिवण हाडावर बसली आहे की खाली उतरली आहे, कॉलरची टोके किती लांब आहेत, खिशाला झाकण आहे की नाही, नट वळला म्हणजे पाठीत चुण्या पडतात की नाही. मध्यंतरात बाहेर येऊन ते दर्शनी भागात लावलेले फोटो पाहत आणि तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने कॉलर काढीत. दिवा मालवल्यावर पाहिलेले कापड दुसऱ्या दिवशी फळीवर बेतायचे, हे कसब त्यांना कोणी शिकविले नव्हते. हल्ली अशा विद्येला मोठी नावे आहेत आणि तिच्या संस्थांची शुल्केही मोठी आहेत.

१९६५ साली ‘वक्त’ चित्रपट आला आणि त्यातील साधनाच्या घट्ट कुडत्याने व चुणीदार विजारीने देशभर वेड लावले. आमच्या गावी ही लाट यावयास दोन-अडीच वर्षे लागली असतील, तीही डॉक्टरांची मुलगी पुण्याहून तसा पोशाख घालून आली म्हणून. चुणीदार बेतणे सोपे नाही. कापड उरेब घ्यावे लागते. आधी त्याची तिरकी थैली शिवावी लागते आणि मग ती बेतावी लागते, तेव्हा कोठे पायावर चुण्या नीट बसतात. अण्णांचे पहिले चुणीदार पायातून वर जाईना. दुसरे काकूंनी बेतले. काकूंनी तोपर्यंत एकही सिनेमा पाहिलेला नव्हता, आणि साधना कोण हेही त्यांना ठाऊक नव्हते. डॉक्टरांच्या मुलीची विजार एक रात्र घरी आणवून त्यांनी ती उलटी करून पाहिली, शिवणीवरून बोट फिरविले आणि म्हणाल्या, “हे तर आपल्या पिशवीसारखेच आहे.” त्या वर्षी काकूंनी अकरा चुणीदार विजारी शिवल्या. गिऱ्हाइके मात्र अण्णांच्या हाताची तारीफ करून गेली. स्त्रियांनी बेतलेले कापड दुकानात पुरुषाच्या नावावर खपे, ही तेव्हाची रीतच होती, आणि काकूंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, असे म्हणण्याचीही एक रीत आहे. त्या तक्रार करीत असत. आम्ही मुले ऐकत असू.

१९६९ सालच्या ‘आराधना’नंतर राजेश खन्नाच्या गुरुशर्टाने दुकानात अक्षरशः रांग लावली. सैल, आखूड, बिनकफाचा तो कुडता. शिवावयास सोपा, कापडही बेताचे. अण्णा म्हणत, असा नट दरवर्षी निघावा. त्यानंतर आल्या बेलबॉटम. त्याआधी विजारी इतक्या नळीसारख्या असत की पाय घालताना भिंतीला धरावे लागे. एकाएकी गुडघ्याखाली घेर हवा झाला. नवीन शिवण्याची ऐपत नसलेली पोरे जुनीच विजार आणीत, आणि आम्ही तिची शिवण उसवून गुडघ्यापासून खाली त्रिकोणी कळी घालून देत असू. कळीचे कापड दुसऱ्याच रंगाचे निघाले तरी चालत असे. उलट तीच फॅशन समजली जाई. पुढे दहा वर्षांनी तीच पोरे, आता संसारी झालेली, त्याच विजारी घेऊन घेर काढावयास आली. घालण्याचेही पैसे आणि काढण्याचेही पैसे, असा धंदा पुन्हा कधी झाला नाही.

या सर्वांत मला अधिक नवल वाटते ते ‘बॉबी’चे. १९७३ साली हा चित्रपट आला, आणि डिंपल कपाडियाचे ते ठिपक्यांचे, कमरेवर गाठ मारलेले आखूड पोलके घरोघरच्या मुलींनी हट्टाने मागितले. मुलगी मागे आणि आई पुढे, अशा जोड्या दुकानात येत. मुलीचे म्हणणे, तसेच पाहिजे. आईचे म्हणणे, पोट दिसता कामा नये. या तंट्याचा निवाडा अण्णांनी असा केला की, कापड ठिपक्यांचे घ्यावे, लांबी नेहमीची ठेवावी, आणि गाठ वेगळी शिवून वरून टाकावी. गाठ खरी नव्हती. ती सुटत नसे आणि मारताही येत नसे. पण आईचेही समाधान झाले आणि मुलीचेही, आणि त्या दिवाळीत आमच्या पेठेत ठिपकेच ठिपके दिसत होते. माझेही एक होते. ते आठवून मी आज हसते, पण त्या खोट्या गाठीत मला आमच्या गावाचे सारे शहाणपण दिसते. मुंबईचे जे आले ते त्याने नाकारले नाही, आणि जसेच्या तसे अंगावरही घेतले नाही. आपल्या मापाने बेतून घेतले.

गाठीवरून आठवले. १९७५ सालच्या ‘दीवार’मध्ये अमिताभ बच्चन निळा सदरा कमरेशी गाठ मारून वावरतो. पुढे त्यांनीच सांगितले की तो सदरा शिवताना गुडघ्याखाली जाईल इतका लांब झाला होता, आणि चित्रणाची तयारी झालेली असल्यामुळे दुसरा शिवण्यास सवड नव्हती, म्हणून गाठ मारली. हे वाचल्यावर मी अण्णांच्या तसबिरीकडे पाहिले. त्या वर्षी कितीतरी पोरे ती गाठ मारण्यासाठी सदरा मुद्दाम चार बोटे लांब शिवून घेत होती. बिचारे अण्णा! माप चुकलेल्या सदऱ्याची नक्कल करण्यासाठी ते काटेकोर मापे घेत होते.

मराठी चित्रपटांनी शिंप्याला तितके काम दिले नाही. एक अपवाद दादा कोंडक्यांचा. १९७१ च्या ‘सोंगाड्या’नंतर त्यांची ती ढगळ, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि खाली लोंबणारी नाडी साऱ्या महाराष्ट्राला पाठ झाली. गणेशोत्सवातील सोंगांसाठी दरवर्षी दोन-चार चड्ड्यांची मागणी ठरलेली. त्या चड्डीला बेत असा नव्हताच, म्हणून अण्णा ती कारागिरांच्या हाताखालच्या पोराला शिकण्यासाठी देत. दोन-तीन पोरे त्या चड्डीवर शिकून पुढे नामांकित कारागीर झाली.

हे सर्व ऐकताना आपणास वाटेल की मोठे आनंदाचे दिवस होते. होतेही. पण ज्या दिवाळीत पेठेत ठिपके मिरविले, त्या दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या घरात कोणी आडवे होत नव्हते. वसुबारसेला अण्णा पाटीवर ‘ऑर्डर बंद’ लिहीत आणि गिऱ्हाइके पाटी वाचून आत येत. कंदिलाच्या, पुढे चाळीस पावरच्या दिव्याच्या उजेडात काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने काज करून पाहावे, म्हणजे त्या फॅशनची किंमत कळते. चाळिशीच्या आतच अण्णांना जाड भिंगाचा चष्मा लागला. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर गावातली मुले नवीन कपड्यांत फटाके उडवीत, आणि आमच्या कपड्यांना तोवर बाह्या लागलेल्या नसत. एका वर्षी मी बिनबाहीच्या पोलक्यावर जुना स्वेटर घालून देवळात गेले. मैत्रिणींना वाटले, हीच यंदाची नवी फॅशन. शिंप्याची मुलगी आहे, तिला आधी कळणारच. पाडव्यानंतर दोघी तसे शिवून घ्यावयास आल्या.

उधारीविषयी मी बोलत नाही. ती आपल्या सर्वांच्या घरात होती.

मापाच्या वहीविषयी मात्र बोलले पाहिजे. लांबट, कापडी पाठीची, खतावणीसारखी वही. तारीख, नाव, मग लांबी, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा, आणि शेवटी अण्णांच्या लघुलिपीत एखादी खूण: ‘ग’ म्हणजे गुरुशर्ट, ‘बे’ म्हणजे बेलबॉटम, एक ठिपका म्हणजे बॉबी. देशमुखांच्या वाड्यातले नाव, त्याखाली साळ्याचे, त्याखाली मराठ्याचे, मग मुसलमानाचे, मग गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या नव्या नोकरदार पोराचे, अशी नावे ज्या क्रमाने माणसे आली त्या क्रमाने एकाखाली एक आहेत. गावातल्या दुसऱ्या कोणत्याही दप्तरात ही नावे अशी एका पानावर आली नसतील. पण वही जे सांगत नाही, तेही या व्यासपीठावरून सांगणे मला प्राप्त आहे. सगळ्याच दुकानांत सगळ्यांची मापे सारखी घेतली जात नव्हती. काही ठिकाणी एका वस्तीतल्या गिऱ्हाइकाला पायरीखाली उभे करून डोळ्यांनीच माप घेत, आणि कपडा मग खांद्यात उतरला की दोष त्याच्या शरीराला देत. आपल्यातील वृद्धांना हे आठवत असेल. त्यांनी ते सांगितले तर मापाच्या वह्या अधिक नीट वाचता येतील.

१९८४ च्या सुमारास दूरदर्शनच्या छोट्या प्रक्षेपण केंद्रांचे जाळे देशभर पसरू लागले, आणि आमच्या धंद्याचे गणित बदलले. त्याआधी जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा तो दीर्घ संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतील पुष्कळांना गिरणी पुन्हा दिसली नाही. संपाचा घाव प्रत्यक्ष आमच्यावर पडला असे नाही, कापड मागांवरून येतच राहिले. आमच्यावर जो आघात झाला तो निराळा होता. मुंबई आणि आमचे गाव यांच्यामध्ये जो काही महिन्यांचा, कधी वर्षांचा उशीर होता, तोच अण्णांचे भांडवल होता. त्या उशिरात ते सोलापूरला जाऊन येत, तिकिटावर कॉलर काढीत, काकू चुणीदार उलटी करून पाहत. आता गाणे जे मुंबईस दिसे तेच त्याच घटकेला आमच्या पेठेत दिसू लागले आणि त्यामागोमाग तयार कपडाही येऊ लागला. १९८९ साली ‘मैंने प्यार किया’ आला तेव्हा त्यातली टोपी आणि जाकीट बाजाराच्या दिवशी दोरीवर टांगलेली मिळत होती. अण्णांनी एक जाकीट हातात घेऊन शिवण उलटी करून पाहिली आणि परत टांगले. काही बोलले नाहीत. त्यानंतर आमच्याकडे मुख्यतः तयार विजारींची लांबी कमी करण्याचे काम येऊ लागले. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या जांभळ्या साडीने पुन्हा थोडी धामधूम उडविली, कारण साडी तयार मिळते, पोलके मिळत नाही. पोलके अजूनही अंगाचे माप मागते. आज आपल्या ज्ञातीतील कितीतरी भगिनी त्यावर स्वतःच्या नावाच्या पाटीने व्यवसाय करीत आहेत, आणि काकूंना ते पाहून जो आनंद होतो तो मी जवळून पाहिला आहे.

काकूंनी पहिला सिनेमा पाहिला तो १९७५ साली, ‘जय संतोषी माँ’. गावातल्या बायका चपला बाहेर काढून आत बसल्या होत्या. परत येताना सगळ्या देवीच्या महिम्याविषयी बोलत होत्या. काकू म्हणाल्या, “त्या थोरल्या जावेच्या पोलक्याचा खांदा उतरला होता.”

येथे मला एका बाईंचे नाव आदराने घ्यावयाचे आहे. भानू अथैया या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या, पण सुई-दोऱ्याच्या कामाला त्यांनी जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिच्यात आपला वाटा आपण मानला पाहिजे. ‘वक्त’मधला साधनाचा तो पोशाख त्यांचा, १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’मधली मुमताजची ती शिवलेली नारिंगी साडीही त्यांचीच. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले, आणि हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. २०१२ साली, आपल्यामागे हे स्मृतिचिन्ह येथे नीट सांभाळले जाईल की नाही या शंकेने त्यांनी ते अमेरिकेतील अकादमीकडे परत पाठवून दिले. २०२० च्या ऑक्टोबरात त्या निवर्तल्या. अकरा चुणीदार विजारी शिवताना काकूंना ठाऊक नव्हते की हा बेत कोल्हापूरच्या एका मुलीच्या डोक्यातून निघालेला आहे, आणि त्या मुलीलाही काकू ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मुंबईहून निघालेला बेत फिरत फिरत सोलापूर जिल्ह्यातल्या एका माजघरात येऊन पोचला. ज्यांच्या हातांनी तो आणला त्यांची नोंद कोठे आहे?

माझ्यापुरती ती दोन ठिकाणी आहे. एक आईने शिवलेली गोधडी. अंगाच्या बाजूला जुने लुगडे, आणि वरच्या अंगाला दुकानातल्या चिंध्या. टेरिलीनचे तुकडे घाम शोषीत नाहीत म्हणून ते फक्त वर. त्यात बॉबीचे ठिपके आहेत, गुरुशर्टाची खादी आहे, कोंडक्यांच्या चड्डीचा पट्टा आहे, आणि बेलबॉटमच्या कळीतून उरलेले एक भडक केशरी कापड आहे, जे कोणाचे होते ते मला सांगता येते पण मी सांगणार नाही, कारण ते गृहस्थ आज आपल्या कार्यकारिणीत आहेत. माझी नात त्या गोधडीवर बोट ठेवून विचारते आणि मी एकेक सिनेमा सांगते.

दुसरे ठिकाण, त्या वह्या. अण्णांच्या सतरा वह्यांपैकी पाच माझ्याकडे आहेत. बाकीच्या, दुकानाची जागा भाड्याने दिली तेव्हा रद्दीत गेल्या. तुमच्याही घरांत, माळ्यावर, जुन्या मशिनाच्या खणात अशा वह्या असतील. माझी आपल्या संस्थेला विनंती आहे की, येत्या आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेवरायांच्या पुण्यतिथीला, ज्यांच्याजवळ आहेत त्यांनी त्या घेऊन याव्यात. आपली तरुण मुले मोबाइलवर त्यांची पाने टिपून घेतील आणि वह्या ज्याच्या त्याला परत मिळतील. कोणाच्या आजोबांची कंबर किती होती हे उघड होईल, त्याला माझा इलाज नाही. मात्र प्रत्येक वहीबरोबर एक कोरा कागद आणावा आणि त्यावर त्या दुकानाची काजे कोणी केली, हूक कोणी लावले, गळे कोणी वळविले, त्या बायकांची नावे लिहावीत. ती वहीत सापडणार नाहीत.

आणि कागदाची वाट न पाहता एक काम आजच होण्यासारखे आहे. माझ्या थोरल्या काकू आज ब्याण्णव वर्षांच्या आहेत. गीतमालेची कोणती गाणी कोणत्या सदऱ्याबरोबर ऐकली हे त्यांना अजून आठवते, चुणीदारची थैली कशी तिरकी धरावी हे त्या हवेत हात करून दाखवितात. त्या आज येथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत, हिरव्या काठाचे लुगडे नेसून बसल्या आहेत. चहाच्या वेळी ज्यांना त्यांच्याशी बोलावयाचे असेल त्यांनी त्यांच्या उजव्या बाजूला बसावे. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. त्या बाजूला मशीन असे.